वंडर वुमनची समस्यापूर्ती

या मालेत आपण बहुतेक वेळा एक चित्रकार घेतो आणि त्याची अनेक चित्रं बघतो. आज उलटं करू. आज पात्र एकच आहे, आणि ते काढणारे हात अनेक. पात्र म्हणजे वंडर वुमन, अमेरिकन कॉमिक्समधली ॲमेझॉन योद्धा. आणि निमित्त आहे चित्रकारांमधला एक खेळ: कुणीतरी एक पात्र सुचवायचं, ठरलेल्या मुदतीत प्रत्येकानं ते आपापल्या पद्धतीनं काढायचं आणि सगळ्यांनी एकमेकांची चित्रं बघायची. बक्षीस नाही, परीक्षक नाही. आव्हान आहे, पण दोस्तीतलं.

हा खेळ हौशी मुलांपुरता आहे असं समजू नका. २०१० च्या सुमारास ख्रिस सॅमनी, फ्रान्चेस्को फ्रँकाविला यांच्यासारखे व्यावसायिक कॉमिक्स चित्रकार एकत्र येऊन दर आठवड्याला एकच पात्र काढत असत. २०२० मध्ये, लोक घरात अडकलेले असताना, जपानी ‘सेलर मून’ मालिकेतलं एकच दृश्य जगभरच्या चित्रकारांनी आपापल्या शैलीत काढलं. ‘हे तुमच्या शैलीत काढा’ हा तर आता एक रूढ प्रकारच झाला आहे. तेव्हा हे सगळं नुसती करमणूक म्हणून सोडून द्यायचं, की त्याची समीक्षाही करता येते? आम्हांला वाटतं, करता येते, आणि करायला हवी. कशी, ते आज बघू.

आपल्याकडे या खेळासाठी एक जुना शब्द आहे: समस्यापूर्ती. सभेत कवींना श्लोकाचा एक चरण दिला जायचा, उरलेले चरण कवीनं रचायचे. यात एक गोष्ट आपण विसरतो. दिलेला चरण पुष्कळदा मुद्दाम विचित्र असायचा, काही वेळा तर अर्थहीनच. कवीचं कसब कशात होतं? तो चरण बदलायला परवानगी नव्हती. ज्या प्रसंगात तो विचित्र चरण अगदी स्वाभाविक वाटेल, असा प्रसंग कवीला उभा करावा लागे. चरण तोच राहतो, पण वाचून झाल्यावर आपण म्हणतो, अरे, हा इथे असायलाच हवा होता!

आता वंडर वुमनकडे बघा. दिलेला चरण काय आहे? ग्रीक पुराणकथेतून आलेली एक योद्धा. राहते पुरुषांना बंदी असलेल्या बेटावर. आणि अंगावर काय, तर अमेरिकेच्या झेंड्याचे रंग आणि तारे, छातीवर सोनेरी गरुड, कपाळावर पट्टी, मनगटांवर जाड कडी, कमरेला सोन्याचा दोर. म्हणजे बघा, चरण विचित्रच आहे. ग्रीक बेटावरच्या बाईनं अमेरिकेचा झेंडा का नेसावा? लढायला जाताना खांदे आणि मांड्या उघड्या का ठेवाव्यात? हा चरण कुणी दिला, ते आधी पाहू.

वंडर वुमन पहिल्यांदा दिसली १९४१ च्या अखेरीस, ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात. कल्पना विल्यम मोल्टन मार्स्टन यांची. हे हार्वर्डमध्ये शिकलेले मानसशास्त्रज्ञ. रक्तदाबावरून खोटेपणा ओळखण्याच्या चाचणीवर त्यांनी काम केलं होतं. त्यांच्या घरात पत्नी एलिझाबेथ हॉलोवे आणि सहचारिणी ऑलिव्ह बर्न अशा दोघी होत्या. ऑलिव्ह हातात रुंद कडी घालत, आणि वंडर वुमनची कडी तिथूनच आली असं मानलं जातं. कथेत मात्र त्या कड्यांना वेगळा अर्थ दिला आहे. हर्क्युलिसनं ॲमेझॉन स्त्रियांना एकदा गुलाम केलं होतं, त्याची आठवण म्हणून त्या कडी घालतात. पुरुषानं ती कडी साखळीनं एकत्र जोडली, तर तिची शक्ती जाते. म्हणजे तोच दागिना गोळ्या अडवणारी ढाल आहे आणि तोच जुन्या बेडीचा वळही आहे. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चित्र काढलं हॅरी जी. पीटर यांनी. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ चालू होती. तेव्हा ‘जज’ नावाच्या मासिकात ‘आधुनिक स्त्री’ असं एक पान येई. त्यात लू रॉजर्स ही चित्रकर्ती साखळदंड तोडणाऱ्या स्त्रीची व्यंगचित्रं काढत असे, आणि त्या पानासाठी पीटरही काम करत. वंडर वुमन पानापानावर साखळ्या तोडते, त्या साखळ्या अशा मताधिकाराच्या चळवळीतून आलेल्या आहेत. (आणि थोड्याफार मार्स्टनच्या खासगी आवडीतूनही. हे लपवायचं कारण नाही, अभ्यासकांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे.)

पीटरचं एक सुरुवातीचं रंगीत रेखाटन शिल्लक आहे, त्यावर त्यांनी मार्स्टनला चिठ्ठी लिहिली आहे. त्या चिठ्ठीचा मतलब असा: घाईघाईनं काढलंय, गरुड काही जमत नाही, बाजूनं बघितलं की तो नीट दिसतच नाही, आणि पायातलं पाहिलं तर ऑफिसातल्या स्टेनोग्राफर बाईचे बूट वाटतात, त्याऐवजी काहीतरी रोमन धर्तीचं करून पाहू. हे वाचून आम्हांला फार आनंद झाला. कारण ज्याला आज आपण अढळ, ‘क्लासिक’ रूप म्हणतो, ते पहिल्याच दिवशी एका चित्रकाराला अडचणीचं वाटत होतं. म्हणजे या पात्राचं पहिलं पुनर्कल्पन खुद्द पीटरनंच सुरू केलं. पहिल्या अंकात तर खाली घोळदार, घागऱ्यासारखं वस्त्र होतं, ते पुढे आखूड आणि घट्ट होत गेलं.

आता पुढच्या पूर्तींकडे येऊ. त्या सगळ्या सांगत बसत नाही, चार पुरेत.

१९६८ मध्ये लेखक डेनी ओनील आणि चित्रकार माइक सेकोव्स्की यांनी तिची शक्ती, दोर आणि तारे सगळंच काढून घेतलं. डायना झाली पांढऱ्या आधुनिक कपड्यांतली, कराटे खेळणारी शहरी बाई. करणाऱ्यांना वाटलं, आम्ही तिला आजच्या काळातली केली. पण समस्यापूर्तीच्या नियमानं बघा: त्यांनी चरणच फेकून दिला. चित्रं दिमाखदार आहेत, पानांची मांडणी आजही बघण्यासारखी आहे. पण कोडं न सोडवता कागद फाडला, असंच ते झालं. १९७२ मध्ये ‘मिस’ या स्त्रीवादी मासिकानं आपल्या जुलैच्या अंकावर वंडर वुमन घेतली ती मुद्दाम जुन्या पोशाखातली. मर्फी अँडरसननं ती राक्षसी उंचीची काढली, खाली एका बाजूला अमेरिकन गावातला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला युद्धभूमी. मासिकाच्या एक संस्थापक ग्लोरिया स्टायनम यांना तिची शक्ती काढून घेणं मुळीच मान्य नव्हतं. १९७३ मध्ये कंपनीनं तिची शक्ती आणि पोशाख दोन्ही परत केले.

दुसरी पूर्ती १९८७ ची, जॉर्ज पेरेझ यांची. पेरेझनी ग्रीक बाजू गंभीरपणे घेतली: देव, मंदिरं, बेटावरची वास्तुरचना, गर्दीतल्या प्रत्येक चेहऱ्याला वेगळेपण. आणि मग त्यांनी तो अवघड प्रश्न घेतला, झेंड्याचे रंग कुठून आले? त्यांचं उत्तर असं: डायनाच्या जन्माआधी एक अमेरिकन वैमानिक स्त्री त्या बेटावर कोसळली आणि ॲमेझॉन स्त्रियांना वाचवताना मेली. तिच्या सन्मानार्थ ते रंग घेतले, आणि डायना हे नावही तिचंच. याला म्हणतात समस्यापूर्ती. पोशाख जवळजवळ तसाच राहिला, पण आता त्यात एक मेलेली मैत्रीण आहे. झेंडा राष्ट्राचा राहिला नाही, एका बाईच्या ऋणाचा झाला.

तिसरी, २०१० ची. सहाशेव्या अंकात जिम ली यांच्या आराखड्यानुसार तिला लांब विजार आणि जाकीट मिळालं. वर्तमानपत्रांत बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी मालिका नव्यानं सुरू होताना जाहिरातीच्या चित्रांत विजार होती, प्रत्यक्ष अंकात ती गेलेली होती! (हशा) गंमत बाजूला ठेवू. त्या नव्या मालिकेचा चित्रकार क्लिफ चँग यानं विजारीशिवायच काय साधलं ते बघा. जाड, ठाम शाईच्या रेषा, भक्कम खांदे, उभं राहणं जमिनीत रुजल्यासारखं. कपडे कमी असूनही ती कुणाला दाखवण्यासाठी उभी आहे असं वाटत नाही. वाद विजारीचा चालला होता, खरा प्रश्न मात्र उभं राहण्याचा होता.

चौथी, डार्विन कुकची, ‘द न्यू फ्रंटियर’ या २००४ च्या मालिकेतली. त्यानं एकच गोष्ट केली, तिला सुपरमॅनपेक्षा उंच आणि रुंद केलं. इंडोचायनातल्या एका प्रसंगात, छळातून सुटलेल्या स्त्रियांनी आपल्या छळकर्त्यांचा सूड घेतलेला असतो. ती त्यांच्यासोबत असते आणि सुपरमॅनला ते पटत नाही. कुकच्या चित्रात सुपरमॅन तिच्याकडे मान वर करून बघतो. संवाद झाकून ठेवले तरी त्या चौकटीत कुणाचं वजन जास्त, हे कळतं.

तर या चार उदाहरणांवरून आपल्याला एक मोजपट्टी तयार करता येते. दोस्तीतल्या आव्हानात आलेली वीस-पंचवीस चित्रं ओळीनं लावलीत, तर प्रत्येक चित्राला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न पायांचा. भार कुठे आहे? दोर फेकणारी, ढाल पेलणारी बाई आपलं वजन जमिनीला कशी देते? कॉमिक्समध्ये एक कुप्रसिद्ध पोझ आहे: कणा असा पिळायचा की छाती आणि नितंब दोन्ही एकाच वेळी बघणाऱ्याकडे यावेत. हाडामांसाच्या माणसाला ते जमत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये काही चित्रकारांनी एक धमाल केली. स्त्री पात्रांच्या अशा पोझ त्यांनी हॉकआय या पुरुष नायकाला दिल्या. बस्स, एवढंच. तो पुरुष त्या पोझमध्ये इतका हास्यास्पद दिसला की वेगळ्या लेखाची गरजच उरली नाही. चित्रानं चित्राची केलेली ती समीक्षा होती, आणि तीही एका खेळातूनच आली.

दुसरा प्रश्न नजरेचा. ती कुणाकडे बघते आहे? शत्रूकडे, मैत्रिणीकडे, क्षितिजाकडे, की चित्र बघणाऱ्याकडे, ‘मी कशी दिसते’ असं विचारत? १९९० च्या दशकात तिच्या वाट्याला अशी कितीतरी चित्रं आली, जिथे लढाई ऐन भरात असते आणि तिचा चेहरा मात्र छायाचित्रासाठी तयार असतो. याउलट जिल थॉम्प्सन यांचं २०१६ चं जलरंगातलं पुस्तक बघा. ते त्यांनी स्वतः लिहिलं आणि रंगवलं. त्यातली लहान डायना लाडावलेली, गर्विष्ठ आहे. तिची नजर सतत आपलं कौतुक कोण करतंय हे शोधते, आणि त्या दोषाची जबर किंमत तिला मोजावी लागते. म्हणजे ‘मला बघा’ ही नजरसुद्धा कथेचा विषय होऊ शकते, जर चित्रकाराला ती कळली असेल तर.

तिसरा प्रश्न दोराचा आणि कड्यांचा. या वस्तू चित्रात काही करतात, की फक्त ओळख पटवतात? सुरुवातीच्या कथांत दोरानं बांधलेल्याला आज्ञा पाळावी लागे. पुढे तो सत्य बोलायला लावणारा दोर म्हणून रूढ झाला. दोन्ही अर्थ भयंकर आहेत! एखाद्याला बांधून खरं बोलायला लावणं ही साधी गोष्ट नाही. मग चित्रात तो दोर हातात कसा धरलाय? चाबकासारखा, जपमाळेसारखा, की साप धरल्यासारखा जपून? आणि ती कडी, जी ढालही आहे आणि बेडीचा वळही, तिचं वजन मनगटावर दिसतं का?

आता हीच मोजपट्टी आपल्या अंगणात लावून बघू. समजा, आपल्यापैकी कुणी या आव्हानात भाग घेतला आणि वंडर वुमनला नऊवारी नेसवली, नथ घातली, कपाळपट्टीच्या जागी चंद्रकोर काढली. चित्र लोकांना आवडेल, यात शंका नाही. पण पूर्ती झाली का? नऊवारीचा कासोटा पाय मोकळे ठेवतो, त्यात पळता येतं, घोड्यावर बसता येतं. ती मोकळीक चित्रातल्या पायांत उतरली असेल, तर उत्तर आहे. पाय तेच अवघडलेले, कंबर तशीच पिळलेली, आणि वर फक्त काठपदर बदललेला असेल, तर ती वेशभूषा स्पर्धा झाली. खरी गोची ताऱ्यांची आहे. दुसऱ्या देशाच्या झेंड्यावरचे ते तारे नऊवारीवर का आले? पेरेझनी जसं एक कारण शोधलं, तसं एखादं कारण आपल्या चित्रकारालाही शोधावं लागेल. ते कारण नसेल, तर चरण आणि पूर्ती यांची गाठ पडलीच नाही.

कुणी म्हणेल, अहो, खेळच तो, कशाला एवढं ताणायचं? म्हणून एक प्रसंग सांगतो. २१ ऑक्टोबर २०१६ ला संयुक्त राष्ट्रांनी वंडर वुमनला स्त्रिया आणि मुलींच्या सक्षमीकरणाची मानद दूत नेमलं. समारंभातच काही कर्मचाऱ्यांनी पाठ फिरवून निषेध केला. विरोधाच्या अर्जावर सुमारे ४५ हजार सह्या झाल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: अमेरिकन झेंड्याच्या तोकड्या कपड्यांतली, उन्नत छातीची गोरी बाई जगभरच्या मुलींचं प्रतिनिधित्व कसं करणार? डिसेंबरमध्ये ते दूतपद संपलं. तुम्ही कोणत्या बाजूचे असाल ते असा. पण एवढं मान्य करावं लागेल, की ७५ वर्षांत ती कशी काढली गेली याचा हिशेब त्या दिवशी मागितला गेला. रेषेचे परिणाम होतात. ते रेषा काढणाऱ्याच्या हयातीतच दिसतील असं मात्र नाही.

आणि ती रेषा कोण काढत होतं? १९४४ पासून जॉय हमेल ही तरुणी मार्स्टनच्या कथा लिहिण्यात सामील होती, पण कथांवर तिचं नाव नसे. वंडर वुमनच्या नावाचं कॉमिक एका स्त्रीनं काढावं, याला १९८६ उजाडलं. ती चित्रकर्ती ट्रिना रॉबिन्स. तिनं काय केलं? ती पुढे गेली नाही, मागे गेली, थेट पीटरकडे. तीच गोलसर, थोडी जुनाट, खेळकर रेषा. अनेकांना ते स्मरणरंजन वाटलं. आम्हांला वाटतं, तिनं त्या चरणाचा मूळ पाठ शोधून काढला, मधल्या काळात त्यावर चढलेली पुटं खरवडून. पुढे निकोला स्कॉट, रेने डी लिझ, जिल थॉम्प्सन आल्या. अधिकृत दारातून पहिली चित्रकर्ती आत यायला ४५ वर्षं लागली. दोस्तीतल्या आव्हानाला दारच नसतं. सोळा वर्षांच्या मुलीनं काढलेलं चित्र नामवंत चित्रकाराच्या शेजारी लागतं. या खेळाचं सगळ्यांत मोठं मोल इथे आहे.

पण मोल सांगितलं, तर उणीवही सांगायला हवी. दोस्तीतल्या आव्हानात प्रत्येक चित्राला ‘वा वा’ मिळते. पहिल्यांदा काढणाऱ्याला ती हवीच असते. पण समस्यापूर्तीच्या सभेत जाणकार बसलेले असत, आणि पूर्ती फसली तर ते मान हलवत नसत. इथे मान सगळ्यांसाठीच हलते. मग काय होतं, कपडे बदलण्याची सोपी वाट रूढ होते, आणि ज्यानं पायांचा भार, नजर, दोर यांच्यावर रात्र घालवली, त्याला आणि ज्यानं अर्ध्या तासात नवी विजार चढवली, त्याला सारखीच टाळी मिळते. हे मेहनत करणाऱ्यावर अन्यायाचं आहे. दोस्तीत टीका करता येत नाही, हे आम्हांला मान्य नाही. ‘हिचा भार कुठल्या पायावर आहे?’ एवढं मित्राला विचारलं, तर मैत्री तुटत नाही आणि पुढचं चित्र सुधारतं.

शेवटचा मुद्दा नावाचा. पात्र कंपनीच्या मालकीचं आहे, ते बदलणार नाही. पण श्रेय वेगळी गोष्ट आहे. २०१७ च्या चित्रपटात वंडर वुमनची निर्मिती म्हणून मार्स्टन यांचं नाव येतं. ज्या हातानं ती पहिल्यांदा कागदावर उभी केली, ज्याला गरुड जमत नव्हता आणि बूट खटकत होते, त्या पीटरचं नाव त्या ओळीत नाही. १९५८ मध्ये मरेपर्यंत ते तिला काढत होते. बॅटमॅनच्या बाबतीत बिल फिंगर यांचं नाव २०१५ पासून लागू लागलं, म्हणजे उशिरा का होईना, दुरुस्ती होऊ शकते. पण तोवर आपल्या हातात जे आहे ते तरी करू. अशा आव्हानातलं चित्र पुढे पाठवताना काढणाऱ्याचं नाव कापू नका. आणि स्वतः काढलंत, तर कोपऱ्यात सही करा, आणि जमलं तर खाली लिहा: मूळ रेखाटन, एच. जी. पीटर.

इथे थांबतो. पुढच्या वेळी येताना प्रत्येकानं एक काम करून यावं. चांगलं चित्र काढता आलं पाहिजे अशी अट नाही, काड्यांची माणसं चालतील. वंडर वुमन दोर न फेकता, न लढता, नुसती उभी काढायची. मग आपण चित्रं अदलाबदल करून एकमेकांना विचारू, ती का उभी आहे, आणि कुणाची वाट बघते आहे. आता प्रश्न घेऊ या.